रविवारच्या खेळाची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्तावीस, अविवाहित, रसायनशास्त्राची पदवीधर (आमच्या घरात पहिली), पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डोक्यात, उजव्या कानामागे एक गाठ आहे, परंतु तिचा विचारशक्तीशी संबंध नाही असे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. तो कागद सोबत जोडला आहे, कारण पुढची कलमे वाचून माझ्या नातेवाइकांना वेगळी शंका येईल. परवा, गुरुवारी सकाळी गाठ काढणार आहेत. लिहिण्यासाठी माझ्यावर कोणाचा दबाव नाही. "असलं अभद्र काही लिहू नकोस" असा दबाव आहे, तो मी मानलेला नाही.

लिहिण्याचे कारण एकच. मी शस्त्रक्रियेतून परत आले नाही, तर माझ्या खोलीतले काचेचे कपाट आठवड्याच्या आत भंगारात जाईल. दादाने ते बोलून दाखवले आहे: "तू लग्न होऊन गेलीस ना, की पहिलं ते कपाट रिकामं करणार बघ." लग्नाऐवजी दुसऱ्या कारणाने गेले, तरी तो शब्दाचा पक्का आहे.

कलम एक. बँकेतील माझी सर्व बचत आईबाबांना मिळावी. पदवीचे प्रमाणपत्र बाहेरच्या खोलीत लावले आहे, ते तिथेच राहू द्यावे. त्याची काच रोज पुसली जाते. त्यासाठी जे पाठ केले त्यातले निम्मे मी विसरले आहे. कपाटातल्या वस्तूंसाठी जे शिकले, ते सगळे लक्षात आहे. पण त्याच्यावर शिक्का मिळत नाही.

कलम दोन. कपाटात बोटाच्या पेराएवढे त्रेचाळीस पुतळे आहेत. योद्धे, चेटकिणी, एक लंगडा राक्षस. सगळे मी रंगवलेले. त्यांचा उपयोग असा: दर रविवारी चार ते सात, शिंपीकाकांच्या बंद दुकानात, कापड बेतायच्या टेबलावर आम्ही तिघे खेळतो. मी गोष्ट सांगते. शिंपीकाका आणि पोस्टातल्या बाई त्या गोष्टीतली माणसे होतात, काय करायचे ते ठरवतात, आणि ते जमले की फसले हे वीस बाजूंचा फासा सांगतो. सहा वर्षे एकच गोष्ट चालू आहे. यात बक्षीस नाही आणि कोणी कोणाला हरवत नाही. लोकांना नेमके हेच सोसत नाही. तीन मोठी माणसे तीन तास एकमेकांचे बोलणे न तोडता ऐकतात, याला जे पोरकटपणा म्हणतात, त्यांनी आपल्या घरातली जेवणाची वेळ एकदा आठवून पाहावी.

पुतळे, बारीक कुंचले आणि भिंगाचा दिवा शिंपीकाकांना द्यावा. ते पासष्ट वर्षांचे आहेत. मध्यंतरी त्यांचे जावई दुकानात डोकावून म्हणाले, "बाबा, या वयात हे?" काका म्हणाले, "मग कधी? तुमच्या वयात मी दिवसभर काजं करत होतो."

कलम तीन. गोष्टीच्या सात वह्या आणि नकाशे पोस्टातल्या बाईंना. पुढची गोष्ट त्यांनी सांगावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी. नियम शेवटपर्यंत वाचणारी दुसरी व्यक्ती माझ्या ओळखीत नाही.

कलम चार. आमचे विभागप्रमुख. दर सोमवारी सगळ्यांदेखत ते विचारतात, "काय मॅडम, काल किती राक्षस मारले?" आणि पहिले स्वतःच हसतात, कारण ते हसल्याशिवाय इतरांना विनोद झाल्याचे कळत नाही. वास्तविक दीड वर्षात आम्ही एकही राक्षस मारलेला नाही. लंगड्या राक्षसाशी तह झाला, तो आता पूल राखतो. हे मी त्यांना दोनदा मनापासून समजावून सांगितले, ही माझी चूक. त्यांना माझ्याकडून काहीही मिळणार नाही. शोकसभा घ्यायचीच असेल तर सोमवारी घेऊ नये.

कलम पाच. दादा. सामन्याच्या दिवशी तो पाठीवर परक्या माणसाचे नाव छापलेला शर्ट घालतो, टीव्हीला सूचना देतो आणि संघ हरला की जेवत नाही. तेव्हा घरात सगळे हळू बोलतात. माझ्या खेळाला मात्र तो "बाहुल्या" म्हणतो.

काल डॉक्टर म्हणाले, धोका शंभरात पाच. ते गेल्यावर दादा म्हणाला, "पाच म्हणजे काहीच नाही गं. उगाच टेन्शन घेतेस."

मी पिशवीतून फासा काढून त्याच्या हातावर ठेवला. "वीस बाजू आहेत. शंभरात पाच म्हणजे विसात एक. एक आला तर मी गेले. टाक."

"येडी आहेस का तू?"

"काहीच नाही ना? मग टाक की."

"हे असलं खेळणं घेऊन..." एवढे बोलून तो थांबला. फासा खिशात घालून "चहा घेऊन येतो" म्हणत बाहेर गेला. दाराच्या काचेतून मला तो दिसत होता. खिडकीच्या कट्ट्यावर तो फासा टाकत होता. अकरा वेळा टाकला. परत आला तो चहाशिवाय. एक आला का, हे मी विचारलेले नाही.

तो फासा त्याच्याकडेच राहू द्यावा. बाहुल्या हा शब्द त्याने कालपासून वापरलेला नाही. यापुढेही वापरू नये.

कलम सहा. पाहुणे आले की आई कपाटावर चादर टाकते. कोणी टोक उचललेच, तर म्हणते, "ते होय? नातवाचं आहे." आईला नातू नाही. गेल्या चार वर्षांत तिने त्याला वय दिले (सात), शाळा दिली, उजव्या हाताला प्लास्टर घालून काढलेसुद्धा. मागच्या महिन्यात कोणीतरी विचारले, "हल्ली दिसत नाही तो?" आई क्षणभरही अडखळली नाही. "पोहायला जातो ना," म्हणाली.

माझी लाज झाकायला तिने जे केले, त्याला आमच्या टेबलावर पात्र रचणे म्हणतात, आणि सहा वर्षांत इतके पक्के पात्र आमच्यापैकी कोणी रचलेले नाही. म्हणून शिंपीकाकांच्या दुकानातली माझी खुर्ची मी पूर्ण विचारान्ती आईला देत आहे. तिने रविवारी चार वाजता जावे. चादर नेऊ नये.

कलम सात. माझ्यामागे कोणीही "पोर निरागस होती हो" असे म्हणू नये. मी निरागस नव्हते. मला सगळे ऐकू येत होते.

कलम आठ. मी शुद्धीवर आले, तर कलम एक ते तीन आपोआप रद्द समजावीत. चार ते सात मी जिवंत असतानाही लागू राहतील, आणि आईला नेण्यासाठी मी स्वतः रिक्षा बोलावीन.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे.

स्थळ: रुग्णालय, दुसरा मजला, खाट क्रमांक अकरा
दिनांक: चौदा, मंगळवार, दुपारच्या भेटीची वेळ
सही: (लिहून देणारी)

साक्षीदार, ज्यांना यातून काही मिळत नाही आणि ज्यांच्यादेखत सही झाली:
१. वॉर्डातील दिवसपाळीच्या सिस्टर
२. खाट क्रमांक बाराच्या आजींची सून. यांनी सही करण्यापूर्वी विचारले, "रविवारी तिथे बाहेरचं कोणी आलेलं चालतं का?" चालते.