शोफर लायसन्स

१४ जाने., मंगळ.
ॲम्ब्युलन्सवर ट्रेनिंगचा पहिला दिवस. सुपरवायझर बाईंनी लायसन्स बघून परत दिलं. साधं चालत नाही, शोफरचं, म्हणजे पगारी ड्रायव्हरचं, लागतं. लेखी परीक्षा आहे फक्त. ती होईपर्यंत मी मागे बसायचं, स्टिअरिंगला हात नाही.
नवरा हसला. म्हणे, नागपूरला स्कूटी आणि इकडे ॲम्ब्युलन्स.

२९ जाने.
परीक्षेची अपॉइंटमेंट कॅन्सल केली. दुसऱ्यांदा. ॲन आर्बरचा बर्फ, त्यात उद्या कोर्सचा औषधांचा पेपर. घाई काय आहे.

६ फेब्रु.
सकाळचा कॉल. दार उघडलं ते मराठी काकूंनी. काका सत्तरीचे, छातीत दुखत होतं. गाडीत घेतलं आणि हार्ट थांबलं.
कार्ला, आमची पॅरामेडिक, ओरडली, "वॉल्ट, मागे ये."
वॉल्ट आमचा ड्रायव्हर. "मग चालवणार कोण?"
दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग वॉल्ट पुढेच गेला.
मागे कार्ला आणि मी. छाती मी दाबत होते. पुढच्या सीटवरून काकू, "बाळा, तू आपल्यातली ना? सांग ना, काय चाललंय?"
मी आकडे मोजत होते. इंग्लिशमध्ये.
काका गेले.

७ फेब्रु.
कार्ला म्हणाली, वॉल्ट मागे असता तरी बहुतेक हेच झालं असतं.
बहुतेक.
जेवले. युनिफॉर्म धुतला. काही वाटत नाहीये.

१२ फेब्रु.
पास. वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एवढंच होतं ते.
२४ पासून गाडी मी चालवायची. नवऱ्यानं श्रीखंड आणलं. खाल्लं.

१९ फेब्रु.
काकूंचा फोन. मंडळातून नंबर मिळवला म्हणाल्या. वाटलं, आता त्या दिवसाचं विचारणार.
"यांनी मला कधी गाडी शिकूच दिली नाही गं. नुसती उभी आहे दारात. तू शिकवशील?"
बघते म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.

२२ फेब्रु., शनि.
गेले. गाडीवरचा बर्फ दोघींनी मिळून खरवडला. काकूंचं शिकाऊ परमिट अजून व्हायचंय, म्हणून गाडी सुरू केली नाही. त्या स्टिअरिंगपाशी, मी शेजारी. आरसे दाखवले, गिअर, ब्रेक. सीट काकांच्या मापाची, काकूंचे पाय पोचेनात. पुढे घेऊन दिली.
समोर बघतच त्यांनी विचारलं, "त्या दिवशी ते दोघं तुझ्याकडे का बघत होते?"
सांगितलं. सगळं. कॅन्सल केलेल्या दोन्ही अपॉइंटमेंटसुद्धा.
काच आतून धुरकट होत गेली. मी सीटबेल्ट काढायला हात नेला.
"थांब," त्या म्हणाल्या. आणि पायानं चाचपत, "ब्रेक कुठला म्हणालीस?"