नसलेल्या घुमटाचा तडा

३ ऑगस्ट

चि. ठकूस मामाचे अनेक आशीर्वाद.

आमच्या जुन्या जेझुइट चर्चच्या घुमटाला तडा गेल्याचं पेपरात वाचलं. खाली तुझ्या पुराणवास्तू खात्याचं नाव. अगं ठके, त्या चर्चला घुमटच नाही! पाद्रीबुवांनी मधे एकही खांब न ठेवता लांबरुंद दालन बांधलं. शेवटच्या बाकावरच्यालाही प्रवचन चुकवता येऊ नये म्हणून. घुमटाची वेळ आली तेव्हा शेजारी भांडायला उठले, आमचा उजेड अडतो म्हणून. मग पाद्र्यांमधल्याच एका चित्रकाराने सपाट छताला ताणलेल्या कापडावर घुमट रंगवला, खिडक्यांतल्या उन्हासकट. पुढे त्या पाद्र्यांचा जेझुइट संघ बरखास्त झाला, राजेही गेले. घुमट तेवढा टिकला. नसलेली वस्तू पडणार कशी?

फरशीतल्या पितळी चकतीवर उभं राहिलं की तो खरा वाटतो. मास्तर आम्हाला तिथेच उभं करून कविता म्हणून घेत. आवाज असा घुमे की आपणच कवी आहोत असं वाटे. शाळा सुटली की तुझी आई आणि मी हात धरून चकतीवरून वेदीकडे पळायचो. पळताना वर पाहिलं की घुमट कलायचा. याला आम्ही ‘घुमट पाडणं’ म्हणत असू. तिने तुला सांगितलं नाही? पाहणी कुणा शहाण्याने केली, ते कळव.

तुझा मामा

९ ऑगस्ट

ती. मामांस सा. न. वि. वि.

तो शहाणा म्हणजे मी. ‘घुमट पाडणं’ मला सांगायच्या आधीच आई गेली. मी नेमकी चकतीवर उभी राहून दुर्बिणीने पाहिलं. तडा दिसला, तो उसवलेल्या कापडाचा.

चूक कळताच साहेबांकडे गेले. ते म्हणाले, मंजूर झालेला घुमट आता नामंजूर करता येत नाही. पुढच्या सोमवारी मजूर वरून छत फोडून घुमटाला लोखंडी कडं बसवणार आहेत. माप कुठलं घेणार, असं विचारलं. तर म्हणे, घुमट उघडा पडला की घेऊ. छत फुटलं की चित्र गेलंच. त्याआधी या गुरुवारी साहेब स्वतः पाहायला येताहेत. माझं ऐकत नाहीत, तुमच्या पांढऱ्या केसांकडे तरी पाहतील. याल ना?

तुमची ठकू

१३ ऑगस्ट

चि. ठकूस आशीर्वाद.

तू बाहेर कंत्राटदाराला थोपवून धरलंस, म्हणून आतली हकिकत कळवतो. साहेब आले ते थेट चकतीवर. घुमट रंगवलेला आहे, असं मी म्हणताच हसले आणि म्हणाले, “आजोबा, माझ्या सहीचा घुमट आहे हा.” मी वाद घातला नाही. वेदी जवळून बघा म्हटलं. तुझ्या आईचा धरायचो तसा त्यांचा हात धरला, नजर वर ठेवायला सांगितलं आणि चालू लागलो. घुमट कलला. साहेब थबकले. आणखी चार पावलांवर तो अंगावर येऊ लागला, तसे ते हात सोडवून दाराकडे सुटले. आता तरी कळलं असेल, असं वाटतं.

मामा

१७ ऑगस्ट

ती. मामांस सा. न.

कळलं ते असं: घुमट धोकादायकरीत्या कलला आहे. हातोडा रद्द, छतावर पाय ठेवायला मनाई, पुढचा हुकूम होईपर्यंत चर्च बंद. वेळीच इशारा दिला म्हणून माझी पाठ थोपटण्यात आली. मी मान खाली घालून थोपटून घेतली. चित्र वाचलं. पण मामा, आता तुम्हालाही आत जाता येणार नाही, याची चुटपुट लागून राहिली आहे.

ठकू

२४ ऑगस्ट

चि. ठकूस आशीर्वाद.

चुटपुट नको. दारावर पहारेकरी नेमलाय खरा. पण घुमट अंगावर पडू नये म्हणून तो रस्त्यापलीकडे खुर्ची टाकून, पाठ फिरवून बसतो. हल्लीच्या पाद्रीबुवांनी मागचं दार नुसतंच लोटून ठेवलंय. काल संध्याकाळी आत गेलो. वेदीपर्यंत चालून घुमट पाडला. हात धरायला कुणी नव्हतं, म्हणून जरा हळूच पडला. मग चकतीवर येऊन तो पुन्हा सरळ केला आणि एक अख्खी कविता म्हटली, दोन ओळी विसरून. पुढच्या खेपेला तू चल, हात धरायला.

मात्र घुमट सरळ झाल्याचं ऑफिसात बोलू नकोस. दुरुस्ती झाली म्हणून उद्घाटन करतील.

लोभ असू दे. तो चकती सोडून कुठूनही पाहिला तरी खराच निघेल.

तुझा मामा