काचेच्या वाडग्यातली सफेद चटणी

५ जाने. १९७५, रविवार
मेयोनेज परत फाटलं. तिसऱ्यांदा. तेल एकीकडं, बलक एकीकडं आणि मधे मी लाकडी चमचा धरून बसलेली. औरंगाबादच्या ट्रेनिंगमधे बाईंनी किती सहज केल्तं. एका अंड्याचा बलक, मोहरीची पूड, मीठ, लिंबू, मंग तेल थेंब थेंब घालत घोटायचं. झालं मेयोनेज. त्यांचं लोण्यासारखं. माझं म्हणजे...

मंगळवारी इन्स्पेक्शन. गृहविज्ञानाचा तास साहेब स्वतः बघणार. हेडबाई म्हणाल्या, ‘काहीतरी नवीन दाखवा.’ घ्या नवीन.

दुपारी तेलाची वाटी उन्हात ठेवली. थंडीनं तेल जड झाल्तं बहुतेक. चौथ्या अंड्याला जमलं एकदाचं. बोट बुडवून उचललं तर गळेना. खूप वेळ नुसती बघत बसले.

टरफलं पेपरात गुंडाळून पर्समधे. उद्या शाळेमागं टाकीन. इथं टाकायची सोय न्हाई. ही खोली देताना माँसांनी (घरमालकीण, सत्तरीच्या, जैन, एक वेळ जेवणाऱ्या) विचारल्तं, ‘तुम्ही कोण?’ मी सांगितलं, बौद्ध. त्याआधी मस्तगड भागात तीन घरांनी एवढ्यावरच दार लोटल्तं. माँसा मंग म्हणाल्या, ‘अंडं-मांस या उंबऱ्याच्या आत येणार न्हाई, शब्द दे.’ दिला. दोन वर्षं पाळला. आणि आता दूधपावडरच्या डब्यात कापसात गुंडाळून अर्धा डझन अंडी. लाज वाटते. पण शाळेत सराव कुठं करू? मंगळवार झाला की संपलं.

६ जाने.
आई आली टेंभुर्णीहून. ज्वारीचं पीठ, बोरं, आणि माझ्या वाळल्याबद्दल भाषण. अंड्याचं तिला सांगितलं न्हाई. शब्द मोडला म्हणून बोलली असती.

संध्याकाळी जिन्यात कमलाभाभीनं गाठलं. माँसांची सून, माझ्याच वयाची, या घरात मला एक हीच मैत्रीण. ‘बाई, ते विलायती काय करून राह्यल्या तुम्ही? आम्हाला न्हाई का दाखवणार?’ इन्स्पेक्शनच्या पदार्थाचं मीच तिला बोलले होते, अंड्याचं सोडून. म्हटलं, तुमच्यासाठी वेगळं करते, दुधाचं.

लगेच केलं. घट्ट साय रवीनं घुसळली, करडईचं तेल थेंब थेंब, मोहरी, लिंबू, चिमूटभर साखर. लसूण न्हाई, कांदा न्हाई. रवी, पातेलं दोनदा गरम पाण्यानं धुतलं. पाणी गाळून घेतलं. सूर्य बुडून गेल्ता, म्हणजे आता खाली कुणी तोंडात काही घालणार न्हाई. स्टीलच्या डब्यात भरून फळीवर ठेवलं. भाभीला वरूनच सांगितलं, उद्या घेऊन जा. बी.ए.च्या परीक्षेला एवढी काळजी घेतली न्हाई मी.

७ जाने., मंगळवार
नीट लिहिते.

सकाळी आई नळावर गेल्ती तेवढ्यात अंड्याचं एकदा करून पाहिलं, हात बसलाय का म्हणून. बसला. किती वेळ टिकतं ते बघायला काचेच्या वाडग्यात झाकून फळीवर ठेवलं. स्टीलच्या डब्याशेजारी. शेवटचं अंडं घेऊन शाळेत. साहेब आलेच न्हाईत. जीप बिघडली म्हणे.

पाचला परत आले तर जिन्याखाली क.भा., तोंडभर हसू. ‘बाई, चमत्कार. माँसांनी दोन फुलके खाल्ले तुमच्या चटणीशी.’

माँसा? मला आधी तेच खरं वाटेना. माझ्या हातचं? दोन वर्षांत त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून बोलते मी. क.भा. म्हणाली, ‘सांगितलं की, मास्तरणीबाईंनी केलंय. त्यांनी इतकंच विचारलं, लसूण न्हाई ना? रातवासी न्हाई ना? मंग दे.’

रातवासी. म्हणजे रात्र उलटलेलं. स्टीलच्या डब्यातलं तर कालचं.

वर आले. स्टीलचा डबा होता तसा, भरलेला. काचेचा वाडगा धुऊन पालथा.

आई म्हणाली, ‘ती भाभी आल्ती. आजचं कोणतं म्हणली. म्या म्हणलं ते काचातलं, शकूनं सकाळीच केलंय. कालचं त्यान्ला चालत न्हाई म्हणं.’

कांदा, लसूण, पाणी, सगळं सांभाळलं मी. रात्र तेवढी राह्यली. त्यांनी त्यांचा नियम पाळला, आईनं विचारलं तेवढं खरं सांगितलं, आणि अंडं माँसांच्या पोटात गेलं.

आईला सांगितलं मंग. ‘माझ्या हातानं दिलं म्या.’ एवढंच परत परत.

८ जाने.
शाळेत लक्ष न्हाई. फळ्यावर ‘जीवनसत्त्वे’ तीनदा लिहिलं. मुली हसल्या.

घरी आले तर माँसा स्वतः जिन्यापाशी. गुडघ्यांमुळं त्या कधी इतक्या लांब येत न्हाईत. ‘मास्तरणीबाई, ती कालची सफेद चटणी, थोडी और मिलेगी क्या? तोंडाला चवच न्हाई राह्यली माझ्या, बापजी गेल्यापासून. काल आली.’

बापजी म्हणजे त्यांचे यजमान. सात वर्षं झाली. मी ‘हो’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

९ जाने.
पहाटे उठून सायीचं केलं, अगदी ताजं. क.भा. घेऊन गेली. संध्याकाळी निरोप: ‘अच्छी है, पण ती न्हाई.’



१० जाने.
आज सायीत मोहरी वाढवली, हळद घालून बघितली. तेच उत्तर. ‘ती न्हाई.’ क.भा. हसत होती, ‘सासूबाई लहान पोरीसारख्या हट्टाला पेटल्या.’ मला राहवलं न्हाई. तिला वर बोलावलं, दार लोटलं, सांगून टाकलं.

ती आधी हसली. थट्टा वाटली. मंग माझं तोंड पाहिलं आणि भिंतीला टेकली. तिनं पण चाखल्तं ते, बोटावर घेऊन. ते मला माहीतच नव्हतं.

म्हणाली, ‘त्यांना सांगू नका. या वयात उपास धरतील. शरीरात आहे काय त्यांच्या? तुम्हाला माझी शपथ.’ तोंड धुतलं, पुन्हा धुतलं आणि खाली गेली. जाताना वळून बघितलं न्हाई.

११ जाने.
काही न्हाई. क.भा. दिसली न्हाई. साहेबांची नवीन तारीख अजून न्हाई.

१२ जाने., रविवार
सकाळी आईबरोबर विहारात. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी जीभ अडली. खोटं बोलायचं न्हाई. बाकीचे पुढं गेले, मी मागं राह्यले. आईनं ते बरोबर पाह्यलं.

येताना रस्त्यात म्हणाली, ‘कोण तुम्ही इचारलं तव्हा तू खरं सांगितलं. खोली जाईल म्हणून भेली न्हाईस. मंग आता का भेतीस?’

‘भाभीनं शपथ घातलीय.’

‘तिची सासू ती वाचवून राह्यली. तुझं तू बघ.’

दुपारी खाली गेले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राह्यले, नेहमीच्या जागी. माँसा आत पाटावर, तांदूळ निवडत. क.भा. मागं. तिनं मान हलवली, नको म्हणून. मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून.

तांदळातला हात थांबला.

‘किती होती?’
‘त्या दिवशी एक. पिवळं तेवढं.’
‘घरात कशात आणलीस?’
‘दूधपावडरच्या डब्यात.’
‘और छिलका?’
‘पर्समधे घालून शाळेत नेलं.’

मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, ‘दुसऱ्या दिवशी मी मागितली, ती?’

‘ती सायीची होती माँसा. त्यात काही नव्हतं.’

‘पण मागितली ना मी.’

मंग ताट बाजूला सारून उठल्या, आतल्या देवाच्या खोलीत गेल्या. कडी लागल्याचा आवाज आला. क.भा. माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘झालं समाधान?’

१३ जाने.
माँसांनी तेला धरला. तीन दिवस अन्न न्हाई, उकळलेलं पाणी तेवढं, तेही दिवसाउजेडी. क.भा. जिन्यात येऊन सांगून गेली, वर पाय ठेवला न्हाई. ‘तुमच्यामुळं न्हाई म्हणतात. न कळत खाल्लं त्याचा एक दिवस. जिभेनं परत मागितलं त्याचे दोन.’

मी हिशेब ऐकून तिथंच पायरीवर बसले. माझ्या शब्द मोडण्याचा त्यात एकही दिवस न्हाई. तो मलाच कुठंतरी धरावा लागणार.

आई ट्रंक भरायला लागली. म्हटलं, अजून त्यांनी जा म्हटलं न्हाई. म्हणाली, ‘म्हणायची वाट बघायची का?’

१४ जाने., संक्रांत
दरवर्षी क.भा. सकाळीच तिळगूळ घेऊन येते. आज न्हाई. मी वाटी भरून जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. तिसऱ्या पायरीवरून माँसांचा खोकला ऐकू आला, अगदी बारीक. त्यांना काही झालं तर? हे वाक्य पूर्ण करवत न्हाई.

शाळेत हेडबाई म्हणाल्या, साहेब आता पुढच्या महिन्यात, तेव्हा ते मेयोनेज नक्की दाखवा. मी म्हटलं, पोह्यांचे प्रकार दाखवते.

१५ जाने.
आज तिसरा दिवस. डॉक्टर येऊन गेले. नाडी ठीक म्हणे. उद्या सूर्य वर आल्यावर पारणं, मुगाच्या पाण्यानं.

आईनं ट्रंक बांधली. भांडी पोत्यात. भिंतीवरची बुद्धांची तसबीर तेवढी मी काढू दिली न्हाई.

चारच्या सुमाराला क.भा. वर आली. या आठवड्यात पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत. डोळे सुजलेले. ट्रंक पाहिली, पोतं पाहिलं. मंग निरोप सांगितला, एका दमात, पाठ केल्यासारखा:

‘माँसा म्हणतात, सकाळी नऊला खाली या. आंघोळ करून. साय आमची, तेल आमचं. रवी पण आमची घ्या, तुमची आणू नका. आत बसून, त्यांच्यासमोर करायचं.’

‘आत म्हणजे?’

‘स्वयंपाकघरात. चुलीपाशी.’

‘त्या खाणार का?’

‘ते न्हाई सांगितलं.’

‘आणि खोलीचं?’

‘तेही न्हाई.’ जाता जाता दारात थांबली. ‘बाई, फाटू देऊ नका. मी पण समोर असणार.’

आई म्हणाली, तुझी रवी बाटली म्हणून त्यांची घे म्हणतात. मला काय वाटतं ते मलाच कळंना. दोन वर्षं ज्या उंबऱ्याशी थांबले तो ओलांडून जायचंय, तेही हे सगळं झाल्यावर. परीक्षा म्हणू, शिक्षा म्हणू, का बोलावणं म्हणू. भीती मात्र इन्स्पेक्शनच्या दसपट वाटून राह्यली.

उद्याची साडी ट्रंकेत तळाशी गेल्ती. दोऱ्या सोडून काढावी लागली. आई म्हणाली, परत बांधू का? म्हटलं, सकाळी बघू.