नेहमी अनुमती द्या

४ मार्च, सोमवार

आज पुन्हा जेवणाच्या सुट्टीलाच फोन मेला! सकाळी पूर्ण भरून नेला होता. मी काय त्यावर सिनेमे बघते? दिवसभर हातात इस्त्री, फोन पिशवीत, पिशवी खुंटीला. तरी त्याचा जीव जातो. आणि घरात पाऊल टाकलं की ह्यांचं सुरू — "फोन का बंद होता? कुठे होतीस?" कुठे असणार! शिलाईच्या कारखान्यात उभी होते, लोकांच्या पडद्यांच्या चुण्या मोडत. जन्मभर बस चालवली ह्या माणसाने, गाडी भरभरून माणसं नेली. कुठे उतरणार म्हणून एकाला विचारलं नाही. ते काम कंडक्टरचं होतं. आता कंबर धरली, घरी बसले, प्रवासी उरला एकच — मी. तर दोन्ही कामं स्वतःच करतात.

५ मार्च

बॉबिनला फोन दाखवला. पलीकडच्या मशिनवर काज-बटण करते ती. काडीसारखी आहे म्हणून सगळे बॉबिनच म्हणतात. तिने बोट फिरवलं तर बॅटरी कोण किती खातं ते निघालं. सगळ्यांत वर नकाशा!

"मावशी, फिरायला कुठे जाता हो एवढ्या?"

म्हटलं, "जाते की. टेबलापासून संडासापर्यंत."

मग तिने आणखी आत नेलं. लोकेशन. खाली चार ओळी. मी बोट ठेवत ठेवत वाचल्या. नेहमी अनुमती द्या. अ‍ॅप वापरताना. प्रत्येक वेळी विचारा. अनुमती नको. खूण पहिल्या ओळीवर. आणि मी कुठे आहे ते कुणाला दिसतं? तिथे ह्यांचा फोटो! ड्युटीवरचा, टोपी घातलेला.

फोन ह्यांनीच आणून दिला होता, माझ्या वाढदिवसाला. मी वेडी सगळ्या कारखान्यात दाखवत फिरले होते.

नेहमी! लग्नातसुद्धा हा शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता. तिसरी ओळ मात्र आवडली. प्रत्येक वेळी विचारा. फोनला कळतं, माणसाला नाही.

६ मार्च

कारखान्यात पोचल्यावर लोकेशन बंद केलं. तोंड धुऊन येईपर्यंत आमच्यावर देखरेख करणाऱ्या मास्तरांचा फोन वाजला. हेच! "मास्तर, आमची जागेवर आहे का?"

मास्तर माझ्याकडे बघत म्हणाले, "आहे साहेब. थांबलीये. सिग्नल लागलाय." सगळ्या मशिनी बंद पडल्या हसून हसून. मीपण हसले. काय करणार.

संध्याकाळी ह्यांना विचारलं, हे काय चालवलंय? "तुझ्या काळजीपोटी," म्हणाले. "तू गायब झालीस की मला काही सुचत नाही." पुन्हा चालू केलं. नाहीतर रोज मास्तर, रोज हसू.

७ मार्च

गल्लीच्या तोंडाशी पोचले तर ह्यांचा फोन. "उजवीकडे खोदलंय, डावीकडून ये." मुद्दाम उजवीकडे गेले. खरंच खोदलं होतं! चपला चिखलात. त्याचाच जास्त राग आला.

९ मार्च, शनिवार

नर्सिंगच्या मुलींच्या हॉस्टेलवरच्या बाई चादरी न्यायला आल्या होत्या. मी घड्या घालत होते. बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आम्हाला मावशी हवी आहे. राहून. रविवारी सुट्टी. खोली देतो स्वतंत्र." येत्या सोमवारनंतरच्या सोमवारी, १८ तारखेला सांगा म्हणाल्या.

कुणाला बोलले नाही. बॉबिनलाही नाही. इथे लिहितेय तेवढंच.

स्वतंत्र खोली. आईकडे आम्ही पाच बहिणी एका सतरंजीवर. इथे आले तर सासू, नणंदा, दीर, मग मुलं. मुलं पांगली तेव्हा वाटलं आता पाय पसरू, तर हे रिटायर. दार लावून आत एकटी बसले आहे, असं कधी झालंच नाही. मोरीतसुद्धा नाही — "झालं का?"

पण जाणार कशी? ह्यांना जिना उतरवत नाही. पलंग ते मोरी, मोरी ते खिडकी. दूध मी, औषध मी, दाढीचं पातंसुद्धा मीच आणायचं. माणूस असा खाटेला टाकून कसं जायचं?

१० मार्च

दिवसभर घरात. ह्यांनी विचारलं, "आज गप्प का?" गप्प बसले तरी दिसतं ह्यांना. त्याचं बटण कुठे असतं?

१२ मार्च

बॉबिनने बॅटरी सेव्हर शिकवला. पडदा अंधारा होतो, आतलं सगळं पेंगतं. विचारलं, "नकाशापण?" तर म्हणे तुमच्या फोनमध्ये तोपण. बंद केल्याचं दिसत नाही, नकाशावरचा आपला ठिपका जिथे असेल तिथे उभा राहतो.

आता कळलं. कारखान्यात बटण दाबायचं, ठिपका इस्त्रीच्या टेबलाशी ठेवायचा, आपण खोली बघून यायचं. ठिपक्याला काय, उभं राहायची सवय आहेच.

१४ मार्च, गुरुवार

झालं ते लिहिते.

मास्तरांना डोकं दुखतंय सांगून लवकर निघाले. धांदलीत बटण दाबायचंच विसरले! आठवलं ते मोठ्या दवाखान्याच्या फाटकापाशी. तिथेच दाबलं आणि पुढे गेले.

खोली लहान आहे. कॉट, कपाट, आतून कडी. बाई म्हणाल्या, "बसा, बघा." बाहेर गेल्या. मी फोनचा आवाज बंद केला, कडी लावली. काही केलं नाही. नुसती बसले. बराच वेळ बसले.

घरी आले तर दाराला कुलूप! शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, "भाऊ गेले की मघाशी. भरभर उतरले."

भरभर?

जिन्याखाली जाऊन उभी राहिले. हे आले. चालत. घामाने सदरा चिकटलेला, हातात काठीसुद्धा नाही. मला बघून भिंतीला टेकले. "ठिपका दवाखान्यापाशी थांबला. हलेचना. फोन उचलेनास. अपघात विभागात विचारून आलो. एक बाई आणली होती, तुझ्याच रंगाची साडी..."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. वर नेऊन पाणी दिलं. मग विचारलं, "जिना कसा उतरलात?"

पेला पुन्हा तोंडाला लावला.

"कधीपासून उतरता येतं?"

कंबरेला हात लावून पलंगावर पडले. आता! वर आल्यावर!

म्हणजे दूध, औषध, दाढीचं पातं — सगळ्याला कंबर, आणि माझ्या मागे यायला पाय.

फोनमध्ये जाऊन चौथ्या ओळीवर खूण केली. अनुमती नको. ह्यांच्यासमोर, ह्यांना दाखवून.

१५ मार्च, शुक्रवार

सकाळी चहा देताना तुम्ही विचारलंत, "सोमवारी त्या बाईंना काय सांगणार?" मी कुणाला एक अक्षर बोलले नव्हते. म्हणजे ही वही तुम्ही वाचता. मग आता तुम्हालाच लिहिते.

सोमवारी मी हो म्हणणार. ते विचारत नाहीये. विचारायचं एवढंच — दर रविवारी मी ह्या घरी यायचं का? मधले दिवस नकाशा नाही, मास्तरांना फोन नाही, वही उघडणं नाही. नुसती वाट बघायची, बाकीचे नवरे बघतात तशी. जमणार आहे?

परवा रविवार. दिवेलागणीपर्यंत उत्तर हवं. ह्यात लिहू नका. समोर या, तोंडाने सांगा.