शाळा बारा, शिक्षक एकेचाळीस, गरज निरंक

६ जुलै १९९८, सकाळी ७
आजपासून नोकरी. तीन महिन्यांची का असेना. हुद्दा: सर्वेक्षक. आक्का म्हणाली, हुद्दा असू दे, पहिल्या दिवशी भांडून येऊ नकोस. थोरली बहीण असून तिला माझा स्वभाव कळलेला नाही. मी भांडत नाही. लोक चुकतात, मी सांगतो.
संकल्प: १. राग बंद. २. वेळेवर हजर. ३. प्रेमात पडणं तीन महिने बंद.

संध्याकाळी
साहेबांचं नाव मृत्युंजय सर. शांत माणूस. दोन वाक्यांच्या मधे इतकं थांबतात की तेवढ्यात चहा पिऊन यावा. काम असं: पन्हाळा रस्त्यावरच्या बारा प्राथमिक शाळा, एकेचाळीस शिक्षक. सप्टेंबरात त्यांचं प्रशिक्षण. दरवर्षी विषय आपण ठरवतो आणि शिक्षक डुलक्या काढतात, म्हणून यंदा आधी त्यांनाच विचारायचं की बाबांनो, तुम्हाला शिकायची गरज कशाची आहे. पद्धती चार. प्रश्नावली, वर्गनिरीक्षण, मुलाखत, गटचर्चा. पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, असं सर म्हणत होते, पण तोवर मी दारापर्यंत पोचलो होतो. चार बास झाल्या.
टीवायला हेच झालं. प्राध्यापक म्हणाले, आधी प्रश्न पुरा ऐकून घे. मी म्हटलं, उत्तर तयार असल्यावर ऐकायचं कशाला. शब्दानं शब्द वाढला आणि कॉलेज सुटलं. नुकसान कॉलेजचं.

९ जुलै
तीन शाळांत प्रश्नावल्या वाटल्या, तासाभरानं गोळा केल्या. प्रश्न बावीस. वरवर चाळल्या तर सगळ्यांचं उत्तर एकच: निरंक. म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. एका शाळेत तर बावीस ठिकाणी निरंकचा शिक्का मारून ठेवला होता.
तिसऱ्या शाळेचे हेडमास्तर गणपतराव गुरुजी. त्यांनी बाजूला घेऊन समजावलं. म्हणाले, पावणं, वरनं कागद आला की निरंक लिहायचं. गरज हाय म्हटलं की गरज का पडली म्हणून दुसरा कागद येतोय. माझं डोकं तापलं. म्हटलं, गुरुजी, हे परत नीट भरून द्या. म्हणाले, देतो की. दिलं. निरंक, पण वळणदार अक्षरात.
आता खरं भांडणार, तेवढ्यात शेजारच्या खोलीतून शांभवी बाई आल्या.
संकल्प तीन रद्द.

१० जुलै
शांभवी बाईंची प्रश्नावली चार वेळा वाचली. तिन्ही शाळांत तिनंच खरं लिहिलं आहे. पहिली, दुसरी, तिसरी एकाच खोलीत बसतात. एका इयत्तेला शिकवताना बाकी दोन इयत्तांना कसं गुंतवावं ते मला येत नाही, शिकायचं आहे.
येत नाही म्हणे. मला तर चार सेकंदांत गुंतवलं.
ठरलं. चारही पद्धती तिच्यावर नीट वापरायच्या. बाकीचे चाळीस जमेल तसे.

१४ जुलै
वर्गनिरीक्षण. नियमानं पस्तीस मिनिटं, मी अडीच तास बसलो. तक्त्यात रकाने होते: आवाज, फलकलेखन, मुलांचा सहभाग. तिन्हींत उत्तम लिहिलं. आवाजापुढं दोनदा.
पहिलीतल्या एका पोरीनं बाईंना विचारलं, ह्यो माणूस कंच्या इयत्तेत हाय. बाई म्हणाल्या, त्यांचं अजून ठरायचंय. वर्ग हसला. तीही हसली. म्हणजे माझ्याविषयी विचार चालू आहे.
जाताना मला भाऊ म्हणाली. चारचौघांत दुसरं काय म्हणणार.

१८ जुलै, शनिवार
सकाळची शाळा सुटल्यावर मुलाखत. मी एम-८० गाडी पुसून नेली होती.
प्रश्न पहिला, शिकवण्यात अडचण काय. ती तीन इयत्तांचं सांगायला लागली. मी म्हटलं, ते लिहिलंय तुम्ही, पुढचं घेऊ. प्रश्न दुसरा, बदली कुठं हवी. हा प्रश्न फॉर्मवर नाही, माझा आहे. म्हणाली, गडहिंग्लजकडं, म्हणजे माहेर आणि... मी म्हटलं, समजलं. माहेरची ओढ असलेली मुलगी घर धरून राहते.
तेवढ्यात राजदूत मोटारसायकलवरून एक जण तिला न्यायला आला. ती म्हणाली, हे अमरेश, माझे... मी म्हटलं, भाऊ, ओळखलं मी, नाकावरून कळतंय. ती पुढं काहीतरी म्हणाली, पण राजदूत फार आवाज करते. अमरेशला नमस्कार केला. पोरगा चांगला आहे. पुढं संबंध येणारच.

२५ जुलै
आठवड्यात बाकीच्या अकरा शाळा उरकल्या. एका शिक्षकाला चार मिनिटं. एक गुरुजी गणितातल्या भागाकाराचं रडगाणं लावून बसले, त्यांना थांबवलं. दुसरे म्हणाले, आमचं ऐकून तर घ्या. मी म्हटलं, ऐकायलाच आलोय, पण मुद्द्याचं बोला. ते गप्प झाले. त्यांच्यापुढं निरंक लिहिलं. बाकी कामाचा वेग बघून सर चकित होतील.
तिच्या घरी कानडी बोलतात. शेजारच्या शिवम्मा काकूंकडं शिकवणी लावली आहे. काकू म्हणाल्या, आधी ऐकून घे, मग बोल. इथंही तेच. तरी तीन शब्द आले.

५ ऑगस्ट
गटचर्चा. गणपतराव गुरुजींच्या शाळेत अकरा शिक्षक गोल करून बसवले. शांभवी समोर. मी सव्वा तास बोललो. शिक्षण, समाज, तरुणांची जबाबदारी. मधे दोघांनी हात वर केला होता, त्यांना शेवटी वेळ देतो म्हटलं. शेवट आला तेव्हा त्यांच्या एसटीची वेळ झाली होती.
गुरुजी निघताना म्हणाले, झ्याक झाली गटचर्चा. गट आमचा, चर्चा तुमची. कौतुक करायची पद्धत आहे एकेकाची.
बाहेर पडताना तिला तीन कानडी शब्द ऐकवले. तिनं कानडीतच उत्तर दिलं, बरंच लांब. त्यात अमरेश एवढं कळलं. भावावर फार जीव आहे.

१० ऑगस्ट
तिच्या मनातलं बाहेर कसं काढायचं? आज आंघोळ करताना सुचलं. प्रश्नावलीला एक पान जोडायचं: सर्वेक्षकाविषयी आपलं मत मनमोकळेपणानं लिहा. नाव घालायची सक्ती नाही, पाकीट बंद. बंद पाकीट म्हटलं की लाजरं माणूसही लिहितं. एकटीला देणं बरं दिसत नाही, म्हणून एकेचाळिसांना.
सरांना विचारलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, स्वतःविषयी विचारायची कल्पना तुझी एकट्याची? म्हटलं, पूर्णपणे. म्हणाले, धाडस आहे. कर.

१९ ऑगस्ट
पाकिटं गोळा. तिचं पाकीट बाकीच्यांपेक्षा जाड. उजेडाकडं धरून बघणार होतो, पण सर तिथंच उभे होते. सगळी पाकिटं त्यांनी कपाटात ठेवली.
आक्काला सांगून टाकलं, २८ तारखेला पाकिटं उघडणार, त्याच दिवशी सरळ तिला विचारणार. आक्कानं विचारलं, अमरेश कोण? म्हटलं, भाऊ. म्हणाली, तसं ती बोलली का तू? म्हटलं, फरक काय पडतोय. आक्का भाकरी थापत बसली. पटलं असणार.

२८ ऑगस्ट, सकाळी
नवा शर्ट. केस जमले.

२८ ऑगस्ट, दुपारी ४
लिहावंसं वाटत नाही.

२९ ऑगस्ट
लिहितो.
सरांनी पाकिटं उघडून मोठ्यानं वाचली. मी शेजारी, तक्ता भरायला. चौथ्या पाकिटापासून तक्ता भरायची गरज राहिली नाही. एकेचाळीसपैकी अडतीस जणांनी, वेगवेगळ्या शाळांत बसून, एकमेकांना न विचारता एकच गोष्ट लिहिली होती: हा मुलगा विचारतो, पण ऐकून घेत नाही. उरलेल्या तिघांनी निरंक लिहिलं. त्यात एकाचा शिक्का.
सर म्हणाले, इतकं एकमत मी नोकरीत पाहिलं नाही.
मग तिचं पाकीट. अक्षर मी ओळखलं. मुलगा मनानं चांगला आहे, कष्टाळू आहे. पण अमरेश माझे होणारे पती आहेत हे मी त्यांना तीन वेळा सांगितलं, एकदा कानडीतून. तिन्ही वेळा त्यांनी हसून भाऊ म्हणून लिहून घेतलं. नोंदीत दुरुस्ती व्हावी.
पाकीट जाड होतं कारण आत साखरपुड्याचे फुटाणे होते. गुलाबी. सरांनी दोन मला दिले. खाल्ले. चांगले होते.

३१ ऑगस्ट
राजीनामा लिहून नेला. सरांनी तो बाजूला ठेवला आणि पानं उलटी करून दाखवली. एकेचाळिसांतल्या तेहतिसांनी मागच्या बाजूला लिहिलं होतं: यांना सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितो. भागाकार. वाचनात मागं पडलेली मुलं. आणि सगळ्यांत जास्त, एका खोलीत तीन इयत्ता. गणपतराव गुरुजींनी तर दोन पानं जोडली होती. मागच्या बाजूला निरंक हा शब्द कुठं नाही.
सर म्हणाले, बावीस वर्षांत पहिल्यांदा खरी गरज कागदावर आली. तुझ्यावर वैतागले म्हणून का होईना. मी विचारलं, ती पाचवी गोष्ट काय होती? म्हणाले, आता तुला कळली आहे.
म्हणजे पाहणी यशस्वी. पद्धत माझीच. राजीनामा परत घेतला. टीवायचा फॉर्म कधी मिळतो तेही विचारून आलो, सहज.

१४ सप्टेंबर
प्रशिक्षण सुरू. विषय: एका खोलीत अनेक इयत्ता. पहिला दिवस मात्र ऐकून घेण्याचा, आणि सरांनी मला बेचाळिसावा प्रशिक्षणार्थी म्हणून बसवलं. सुरुवातीला फॉर्म आला, आपली गरज लिहा. मी निरंक लिहिलं. शेजारून गणपतराव गुरुजी म्हणाले, पावणं, खोडा ते, तुमच्यामुळं आता कोण इश्वास ठेवत न्हाय त्यावर. खोडलं. लिहिलं: ऐकणे.
मग जोड्या. एकानं दोन मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं मधे न बोलता ऐकायचं, नंतर उभं राहून सांगायचं. माझ्या जोडीला शांभवी बाई. मी ठरवलं, या वेळी एक अक्षर सोडायचं नाही. त्या बोलल्या. मी तोंड मिटून, त्यांच्याकडं बघत, पुरी दोन मिनिटं ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा. कसं जमतंय याचंच नवल वाटत होतं.
सर म्हणाले, सांगा. मी उभा राहिलो.
लग्न गडहिंग्लजला आहे, आक्काला घेऊन या, एवढं सांगितलं. तारीखही होती. ती कोणती, ते उद्या विचारायला पाहिजे.