उखळ पुसायची दहा मिनिटं

।। जय सेवालाल ।।

पुणे, ता. १६ फेब्रुवारी २००३

चि. सौ. निता हिस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गोरेगावात तुझं मसाला कांडायचं यंत्र सुरू झालं, हे सगळ्या ऑफिसला सांगत सुटलो. पण अक्षय तृतीयेपर्यंत जम बसला नाही तर भावसिंगमामा ती खोली गुलाबचंदशेठला सिमेंटच्या गोदामाला देणार, हे वाचून काळजी लागली. तुझे हे सासरे बोलतात तसे करतात, हे मी तुझ्या लग्नातच पाहिलंय.

कंपनीने आम्हाला तीन दिवस शिबिराला पाठवलं होतं. तिथल्या सरांनी प्रत्येकाला विचारलं की तुमचा धंदा कशासाठी, ते एका ओळीत लिहा. मी कंपनीचं सोडून तुझंच लिहिलं: कमी वेळात जास्त कांडप. सरांनी ते फळ्यावर लिहिलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता कामाचं. एका बाईचा मसाला झाला की तू उखळ कुंच्याने झाडतेस, पुसतेस, वर चिकटून राहिलेला मसाला निघावा म्हणून मूठभर खडेमीठ कांडून तेही तिच्याच डब्यात घालतेस. यात दहा मिनिटं जातात. दिवसाला वीस बायका धरल्या तर तीन तासांच्या वर यंत्र नुसतं उभं. ते बंद कर. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा साफ केलंस तरी पुरे. तू आता मालकीण आहेस, शाळेत फळ्यापुढे लाजायचीस तशी लाजू नकोस. जावईबापूंना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
देविदास

।। जय सेवालाल ।।

गोरेगाव (सेनगाव तालुका), ता. २१ मार्च २००३

ती. दादास निताचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. पहिला आठवडा कौतुकाचा गेला. तीस-तीस डबे एका दिवसात व्हायचे, मामंजी स्वतः खुर्ची टाकून दारात बसायचे. मग रांग आखडत गेली. मला वाटलं, लग्नसराई आहे, बायकांना सवड नसेल. गेल्या सोमवारी दिवसभरात दोनच डबे आले.

खरं काय ते ह्यांच्याकडून कळलं, तेही चार दिवस तोंड लपवून झाल्यावर. दादा, माझी गिऱ्हाइकं ह्यांच्याच प्रवासी जीपमध्ये बसून, मांडीवर मिरच्यांची पिशवी घेऊन सेनगावच्या कांडपावर जात होती. बायकोचं गिऱ्हाईक नवराच पोचवतो, असा धंदा कुठे बघितलास का? हसू आलं आणि रडूही आलं.

कारण विचारायला त्यांतल्याच निर्मलाबाईंकडे गेले. त्यांचं घर माळकरी, कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत नाही. त्यांच्या आधी माझ्याकडे लसूण घातलेला मसाला कांडून झाला होता. त्या मला म्हणाल्या, की काहून गं पोरी, माझ्या डब्यात लसणाचा वास कुठून येऊन राहिला? वर्षभराचा पाच किलो मसाला त्यांनी शेजारी देऊन टाकला होता. मला एक शब्द रागाचा बोलल्या नाहीत, चहा दिला.

गुलाबचंदशेठ काल खोलीची लांबी-रुंदी मोजून गेले. मी यंत्रापाशी उभी होते तरी टेप माझ्या पायाजवळून नेली. दादा, हे यंत्र गेलं तर मला पुन्हा कुणी काही सुरू करू देणार नाही. तुझ्यावर राग नाही. पण थोडा आहे. तो निवला की आणखी लिहीन.

तुझी,
निता

पुणे, ता. २९ मार्च २००३

चि. सौ. निता हिस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. दर कमी करून बघ, असं लिहायला बसलो होतो, पण हात आखडला. मी तुझ्या रांगेत कधी बसलो नाही आणि पुण्यात बसून तुझी मिनिटं मोजली. चूक माझी आहे, हे मामांना माझ्या नावाने सांग. इथे आमच्या रंगखात्यात दोन रंगांच्या मधली टाकी धुण्याची वेळ मीच कापली होती. त्याच्या तक्रारी टेबलावर पडल्यात, त्या आज उघडून बघितल्या.

आता तुला जे सुचेल ते कर. मी ऐकतो. आजवर तू ऐकलंस, ती माया तशीच असू दे.

देविदास

।। जय सेवालाल ।।

गोरेगाव, ता. २ मे २००३

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

उशीर झाला, कारण हाताला सवड नव्हती.

तुझं नाव मामंजींना सांगितलं नाही. कुंचा मी बाजूला ठेवला होता, तू नाही. आधी माहेरी तांड्यावर याडीला विचारायला गेले. आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, की आमी दुसरीचं उखळ मागून आणायचो तर पुसून घ्यायचो आन् पुसून द्यायचो, यात इचारायचं काय?

परत येऊन माझ्या वाटणीच्या मिरच्या, धने, खोबरं काढलं आणि निर्मलाबाईंना हाताला धरून आणलं. बाजाराचा दिवस होता, रस्ता भरलेला. सगळ्यांदेखत सांगितलं की चूक माझी झाली, ह्यांचा मसाला मी माझ्या घरच्या जिनसांनी भरून देते. उखळ त्यांनाच बघायला लावलं, त्यांनी आत बोट फिरवून हुंगलं, मग कांडायला घेतलं. त्या वेळी फळ्यापुढे लाजणारी मुलगी नव्हते मी.

दुसऱ्या दिवशी सहा डबे आले, आठवड्याने पंधरा. आता ह्यांची जीप सेनगावच्या बायका इकडे आणते. बायका उन्हात बसू नयेत म्हणून दारात गोणपाटाचा मांडव घातलाय. उखळ पुसायच्या दहा मिनिटांबद्दल कुणी कुरकुरत नाही. त्या वेळात दोन सोयरिकी जमल्या.

परवा गुलाबचंदशेठ खोलीचं ठरवून टाकायला आले, तर रांगेत त्यांच्याच घरच्या बाई डबा घेऊन बसलेल्या. मामंजी त्यांना म्हणाले, की शेठ, खोली रिकामी न्हाई, आधी घरी इचारा.

तुझ्या सरांना म्हणावं फळा पुसा. धंदा कशासाठी, ते मी दारावरच्या पाटीवर लिहिलंय: ज्याचा मसाला, त्याचीच चव.

सोबत डबा पाठवते. याडीच्या हातचं भाजलेलं, माझ्या यंत्रावर कांडलेलं. वरची लहान पुडी टाकून देऊ नकोस. ते तुझ्या मसाल्यानंतर उखळ पुसल्याचं मीठ आहे. तुझं आहे, म्हणून तुलाच पाठवलंय.

मायेत अंतर पडलं नाही, पडू देऊही नकोस.

तुझीच,
निता