माहेरचं दुखणं

माय, हैदराबादेच्या जनाना दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा तू गप्प का राहिलीस? आपल्या घरातली पहिली बी.ए. मी, बीडच्या मुलींच्या शाळेत दिवसभर पोरींना प्रश्न विचारते. पण हा एक प्रश्न मला एका जागी बसू देत नाही.

तू खाटेवर, भिंतीकडे तोंड करून पडली आहेस. बाबा पायथ्याशी उभे आहेत, टोपी हातात. मी दाराशी, शाळकरी. तुझ्या छातीतली गाठ काढून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्यातून तू उठलीस, पुन्हा भाकऱ्या थापल्यास, आपल्या धाकटीला चालायला शिकवलंस. आणि आता हे ओटीपोटातलं दुखणं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुनी गाठ पसरलेली दिसत नाही, हा दुसराच सरतान, म्हणजे कर्करोग, आहे. एकाच बाईला दोनदा. मग त्यांनी बाबांना विचारलं, "खानदान में और किसकू हुआ था?"

"जी न्हाई," बाबा म्हणाले, "आमचं खानदान साफ हाय."

बाबा खोटं बोलले नाहीत. आपल्या आज्या-पणज्यापर्यंत आठवून त्यांनी उत्तर दिलं. पण तुझी आई पोटात पाणी होऊन, रक्त जाऊन जाऊन गेली होती. तुझी थोरली बहीण त्याच वेळी गेवराईला छातीची जखम घेऊन अंथरुणावर होती. त्या दोघी तुझ्या मनात आल्या नसतील असं कसं होईल? की तुलाही वाटलं, हा प्रश्न आपल्याला नाहीच. आपण या घरात आलो, तेव्हा आपलं खानदान म्हणजे नवऱ्याचं?

आपल्याकडे लेक दिली की तिचं दुखणंही तिच्याबरोबर दिलं जातं. पुढे ते त्या घरचं. तुझ्या आईच्या सासरी म्हणाले, देवीचा नवस राहून गेला. मावशीच्या सासरी म्हणाले, कांडताना मुसळ छातीला लागलं. आपल्या घरी बाबांच्या आईनं ठरवलं की तू बाळंतपणात पथ्य पाळलं नाहीस. तीन घरांनी आपापलं कारण शोधलं आणि आपापल्या घरापुरतं दुःख केलं. तिघी एका रक्ताच्या होत्या, हे कुणाला दिसलं नाही, कारण तिघींना एकत्र धरायची कुणाला सवयच नव्हती.

मला तरी कुठे दिसलं? कॉलेजात असताना मैत्रिणीला घेऊन मी त्याच दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंचे केस पिकले होते. त्यांनी तुझी चौकशी केली. तू गेलीस हे सांगितलं, आणि बोलण्याच्या ओघात मावशीचं आणि आजीचंही सांगितलं. त्यांनी हातातली लेखणी खाली ठेवली.

"मां का मायका खानदान नै होता क्या?"

मग त्यांनी मला समोर बसवून समजावलं. काही घराण्यांत हे रक्तातून उतरत असावं, आईकडून येतं तसं बापाकडूनही येत असेल. कसं, ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. अशा घरात एकाच माणसाला दोनदाही होतं. प्रत्येक लेकीला होईलच असं नाही. पण गाठ हाताला लागली, तर एक दिवसही घरात बसायचं नाही. होईलच असं नाही, हे वाक्य मी तेव्हापासून बाळगून आहे. त्यात धीरही आहे आणि धाकही. त्यातलं नेमकं काय उचलावं, ते अजून कळत नाही.

आता धाकटीचं माजलगावात जमलं आहे. मुलाची आई बघायला आली तेव्हा रीतीप्रमाणे विचारून गेली: कुळात कुणाला कोड, महारोग, फेफरं? बाबा त्याच आवाजात म्हणाले, आमचं कूळ साफ हाय. पाहुणे गेल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "बहिणीचं लगीन मोडायला शिकलीस व्हय गं? तुझ्या मायचं दुखणं तिच्यासंगं गेलं." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

धाकटी ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "अक्का, वरातीच्या आधीच तू माझी तिरडी बांधलीस की," ती म्हणाली आणि हसली. मग हसू थांबलं. "मला व्हणार हाय का?"

"ठाऊक न्हाई."

"मंग त्यास्नी काय सांगशील?"

"हेच."

तिनं टरफलं बाजूला सारली. "उद्या मला गाठ आली तर तिथं बी म्हनतील मुसळ लागलं," ती म्हणाली. "जा, सांगून ये. पर मोडलं तर दुसरा तूच बघायचा. आन तुझ्यासारखा पुस्तकात तोंड घालून बसणारा नगं, जरा दिसायला बरा बघ."

तुला वाचता येत नव्हतं, माय. तू असतीस तरी हे पत्र तुला बाबांनीच वाचून दाखवलं असतं. म्हणून ते कधी पाठवण्यासारखं नव्हतंच.

बाबांना कपिलधारला दर्शनाला जाते म्हणून सांगितलं आणि माजलगावची मोटार धरली. मुलाची आई तूर निवडत होती. तुझं, आजीचं, मावशीचं, सगळं सांगितलं. सुपातला हात थांबला. "मोडायला आलीस व्हय?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. तिला कधी गाठ आली तर लपवू नका, लगेच दवाखान्यात न्या. एवढंच सांगायला आले."

त्या उठल्या. चहा टाकला, मला पाट दिला. निघताना म्हणाल्या, घरात इचारून कळवते. आणि मग, दारात: "आन तू? तुझी बी तीच माय की. दवाखान्यात दावलंस का कुठं?"

निरोप अजून आलेला नाही. येईल तो कसा असेल, ठाऊक नाही. धाकटी दोनदा विचारून गेली, तिसऱ्यांदा विचारत नाही. माय, मी स्वतःला अजून दाखवलेलं नाही. मला भीती वाटते. पण तिचं मी सांगून आले आहे.